समुद्र नसलेल्या गावाने बंदराचा प्रश्न विधिमंडळात कसा नेला : सोलापुरातील एक अनुभव

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. माल मुख्यतः आखाती देशांत आणि थोडा युरोप-अमेरिकेत जातो. म्हणजे तो आधी सुमारे चारशे किलोमीटरवरच्या न्हावा-शेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरात जातो. रिकामा कंटेनर तिकडून मागवायचा, कारखान्याच्या दारात भरायचा, ई-सील (सीमाशुल्क खात्यासाठीचे इलेक्ट्रॉनिक कुलूप) लावायचे आणि जहाजाच्या कट-ऑफच्या, म्हणजे माल स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आत परत पोहोचवायचा, असा हा व्यवहार असून भाडे मात्र जाण्या-येण्याचे दोन्ही द्यावे लागते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि समुद्रावरचे भाडे आमच्या आवाक्याबाहेर गेले. त्या भाड्यावर आमचा काही इलाज नव्हता. जमिनीवरच्या भाड्याचे काही करता येते का, एवढाच प्रश्न उरला होता. त्यातून आम्ही काही टॉवेल कारखानदार आणि सांगोला-पंढरपूरकडील डाळिंब निर्यातदार एकत्र आलो. पुढे वर्षभर जे घडले ते येथे क्रमाने लिहितो आहे, कारण सुरुवातीला आम्हाला कोणाकडे जावे हेच कळत नव्हते आणि नीट सांगणारे लिखाणही कोठे सापडले नाही.

‘सोलापूरला ड्राय पोर्ट द्या’, म्हणजे कंटेनरची हाताळणी आणि सीमाशुल्काचे काम गावातच होईल असे समुद्रापासून दूरचे, जमिनीवरचे बंदर द्या, ही मागणी नवी नाही. जालना आणि वर्ध्याजवळील सिंदी येथे जवाहरलाल नेहरू बंदराच्या पुढाकाराने ड्राय पोर्टची कामे हाती घेतली गेली, तेव्हापासून आमच्याकडेही ती अधूनमधून उठते. निवेदन तयार होते, जिल्हाधिकारी कार्यालयात दिले जाते, छायाचित्र वर्तमानपत्रात येते आणि विषय तेथेच थांबतो. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. त्यानंतर जानेवारीत सिद्धेश्वराची, म्हणजे गड्ड्याची, यात्रा आटोपल्यावर आमची बैठक झाली आणि जुनीच निवेदने समोर ठेवून नव्याने लिहायचे काम माझ्याकडे आले.

माझ्या सौभाग्यवतींचे मामा बंदरांशी संबंधित एका सार्वजनिक संस्थेत विधिमंडळाच्या कामकाजाचे टेबल सांभाळून निवृत्त झाले आहेत आणि आता जुळे सोलापुरात राहतात. फेब्रुवारीत जुन्या निवेदनांची फाईल घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती सावकाश वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “जावईबापू, ह्यातल्या निम्म्या गोष्टी तुम्ही ज्यांच्याकडे मागताय त्यांच्या हातातच नाहीत. मोठी बंदरंसुद्धा राज्याकडं बंदर मागत नाहीत. ती रस्ता मागतात, पाणी मागतात, जमीन मागतात.”

त्यानंतरच्या दोन-तीन संध्याकाळी त्यांनी मला जे समजावून सांगितले, त्यावरच आमचे पुढचे सगळे काम उभे राहिले, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे महाबंदरे आणि सीमाशुल्क हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. इतर बंदरे समवर्ती सूचीत आहेत. जमीन आणि राज्यातील रस्ते राज्याकडे आहेत. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले आणि आज ते महाबंदर प्राधिकरण अधिनियम, २०२१ खाली चालते. त्याचा हिशेब दिल्लीला जातो आणि त्याच्याविषयीचे प्रश्न मुख्यतः संसदेत विचारले जातात. राज्यातील ४८ लहान बंदरे मात्र महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत, आणि हे मंडळ १९९६ च्या राज्य अधिनियमाने स्थापन झालेले असल्यामुळे त्याचा मार्ग मुंबईच्या आणि नागपूरच्या विधानभवनातून जातो. येथवरचे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही मिळेल. पुढचे मिळत नाही.

केंद्राचे बंदर असले तरी ते उभे असते उरणच्या जमिनीवर. बंदराबाहेर ट्रेलरची रांग लागली तर वाहतूक पोलीस राज्याचे. पाणी आणि वीज राज्यातील यंत्रणांची. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचा प्रश्न राज्याच्या धोरणाशी आणि सिडकोशी जोडलेला. त्यामुळे महाबंदराच्या संचालक मंडळावर कायद्यानेच राज्य शासनाचा एक प्रतिनिधी असतो आणि बंदराची बरीचशी निकड त्याच्यामार्फत, मुख्य सचिवांकडील बैठकांतून आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून पुढे सरकते. पालघर जिल्ह्यातील वाढवणचे बंदर तर केंद्र आणि राज्य या दोघांच्या भागीदारीतलेच आहे : जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिलेल्या ७६,२२० कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदराचा वाटा ७४ टक्के आणि सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. राज्याचा वाटा आला की राज्याचे मंत्रिमंडळ आले, भूसंपादन आले आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध सभागृहात मांडणारे आमदारही आले.

मला सर्वांत नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. सार्वजनिक संस्थेचा अधिकारी आमदारांच्या दारात जाऊन ‘आमचे एवढे काम करा’ असे म्हणत नाही. तसे म्हणणे शिस्तीला धरून नाही. संस्था आपल्या प्रशासकीय विभागाला लिहिते, विभाग मंत्र्यांपुढे ठेवतो आणि सभागृहात बोलतात ते मंत्री. तरीही संस्थेच्या गरजा आमदारांच्या तोंडून येतात, आणि त्यात कोणताही आडमार्ग नसतो. किनारपट्टीच्या आमदाराला आपल्या गावची जेट्टी दुरुस्त करून हवी असते. मंडळाच्या यादीतही तीच जेट्टी असते. आमदार प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर तयार करण्यासाठी विभाग मंडळाकडे माहिती मागतो, आणि मंडळ त्या उत्तराच्या पूरक टिपणीत अंदाजपत्रकाची रक्कम, रखडलेली परवानगी आणि लागणारा निधी नेमका लिहून पाठवते. मामा म्हणाले की, आपल्या नोकरीत त्यांनी स्वतंत्र मागणीपत्रांपेक्षा अशा पूरक टिपण्यांतूनच जास्त कामे पुढे गेलेली पाहिली.

दुसरी गोष्ट वेळेची. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पात नवीन बाब घालायची तर तिचा प्रस्ताव आधीच्या पावसाळ्याच्या शेवटी विभागाकडे असावा लागतो. मार्चमध्ये भाषण ऐकताना सुचलेल्या मागणीला त्या वर्षी जागा नसते. मधल्या अधिवेशनांत पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच जादा खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, येतात, पण त्यांतही आधी मान्यता मिळालेल्या कामांचाच नंबर लागतो. गड्ड्याच्या यात्रेत दुकानाला जागा हवी असेल तर संक्रांतीच्या दिवशी जाऊन भागत नाही, तसेच हे आहे.

या सगळ्याचा आमच्यापुरता अर्थ मामांनीच लावला. आमची एक मागणी त्यांनी तीन कागदांत फोडली. राज्याकडे मागायचे ते एवढेच : औद्योगिक वसाहतीत चाळीस फुटी कंटेनरचा ट्रेलर वळेल इतका चौक आणि रस्ता, व रिकामे कंटेनर उभे करता येतील असा एक भूखंड. केंद्राकडे, म्हणजे खासदारांमार्फत, मागायचे ते सीमाशुल्काचे : अंतर्देशीय कंटेनर आगाराला (ड्राय पोर्टचे सरकारी नाव) सीमाशुल्क कायदा, १९६२ खाली अधिसूचना लागते आणि तिचा विचार दिल्लीतच होतो. तिसरा कागद जहाज कंपन्यांसाठी, कारण रिकामे कंटेनर कोठे ठेवायचे हे त्या ठरवतात आणि त्यांना कोणतेही सभागृह तसा हुकूम देत नाही. ‘ड्राय पोर्ट’ हा शब्द राज्याच्या कागदातून आम्ही काढूनच टाकला. यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. ज्या शब्दासाठी लोक जमले तोच काढायचा, हे अनेकांना पटेना. तो वाद मार्च उजाडेपर्यंत चालू होता, आणि खरे सांगायचे तर काही जण शेवटपर्यंत नाराजच राहिले.

मग आकडे. जिल्ह्यातून महिन्याला किती कंटेनर जातात हे कोणीही विचारणार, आणि ते सांगायला एकही कारखानदार तयार नव्हता. शेजाऱ्याला आपला धंदा कळेल ही भीती. शेवटी एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात एक खोके ठेवले. प्रत्येकाने आपल्या वर्षभराच्या शिपिंग बिलांवरून (निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या कागदांवरून) महिनावार कंटेनरची संख्या चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचे नाही, आणि चिठ्ठी खोक्यात टाकायची. लेखापालांनी बेरीज करून सही-शिक्क्यासह एक तक्ता दिला. डाळिंबवाल्यांचे शीत कंटेनर हंगामी असल्यामुळे त्यांचा रकाना वेगळा ठेवला. हा एकपानी तक्ता पुढे प्रत्येक कार्यालयात उपयोगी पडला. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी निवेदनाच्या आधी तक्ता करावा.

अर्थसंकल्पी अधिवेशन ३ मार्च २०२५ रोजी मुंबईत सुरू झाले. आमदारांना भेटायला मुंबईला धावण्याची गरज नसते. शनिवार-रविवारी ते बहुधा मतदारसंघात असतात आणि तेथे निवांत ऐकतात. आम्ही सत्ताधारी बाजूच्या एका आणि विरोधी बाजूच्या एका, अशा दोन आमदारांना तोच कागद दिला आणि दोघांनाही तसे स्पष्ट सांगितले. लपवले असते तर दोघेही दुरावले असते. विधान परिषदेच्या एका सदस्यांनाही प्रत दिली. त्यांपैकी एका आमदारांच्या स्वीय सहायकांनी कागद पाहून पहिला प्रश्न केला, “हा विषय उद्योग विभागाचा, बांधकाम विभागाचा की बंदरे खात्याचा?” मामांच्या शिकवणीमुळे उत्तर तयार होते : चौक आणि भूखंड उद्योग विभागाचा. त्यांनी लगेच वहीत नोंद केली. विभाग चुकला की प्रश्न एका खात्याकडून दुसऱ्याकडे वर्ग होण्यात अधिवेशन संपून जाते, असे त्यांनीच नंतर सांगितले.

मंत्रालयात पत्र देण्यासाठी आम्ही तिघे सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलो. शयनयानाचे तिकीट तीनशे रुपयांच्या घरात पडते, गाडी सकाळी मुंबईला सोडते आणि रात्री परतीची गाडी मिळते, त्यामुळे खोलीचा खर्च वाचतो. सर्वसामान्य अभ्यागतांना मंत्रालयात दुपारी दोननंतर प्रवेश मिळतो. ओळखपत्र मूळ प्रतीतच न्यावे. मंत्रिमंडळाची बैठक असेल त्या दिवशी जाऊ नये, कारण भेटण्यासारखे अधिकारी जागेवर नसतात. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. एका कार्यालयात आमचे पत्र पुढे कोठे गेले हे कोणालाच सांगता येईना, तेव्हा हा शिक्क्याचा कागदच कामी आला.

सकाळचा वेळ मोकळा होता म्हणून आमदारांच्या शिफारशीवर प्रेक्षक गॅलरीचे पास काढून विधानसभेचा प्रश्नोत्तराचा तास पाहिला. मोबाईल, पिशवी सगळे बाहेर ठेवावे लागते. खाली कोकणातील एका जेट्टीवर प्रश्न चालू होता. मंत्री उभे राहून उत्तर देत होते आणि अधिकाऱ्यांच्या गॅलरीत दोन-तीन जण मांडीवर फाईल उघडून बसले होते. एका आमदारांनी उपप्रश्न विचारला. तो संपायच्या आधीच त्यांतल्या एकाने चिठ्ठी लिहायला घेतली, शिपाई ती घेऊन गेला, मंत्र्यांनी एका नजरेत वाचली आणि ‘अध्यक्ष महोदय, या कामास निधी उपलब्ध करून देण्याबाबत कार्यवाही करण्यात येईल’ असे सांगितले. चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ मान खाली घालून पुढचे पान उलटत होते. मामांनी नोकरीभर जे काम केले ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

तेथेच, चर्चगेटजवळच्या एका उपाहारगृहात, एक गृहस्थ आपणहून येऊन बसले आणि ‘लक्षवेधी (सभागृहात मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) लावून देतो’ म्हणून मोठी रक्कम सांगू लागले. आम्ही चहाचे पैसे दिले आणि उठलो. लक्षवेधी सूचना विधानसभेच्या नियम १०५ खाली सदस्यच देतात आणि स्वीकारायची की नाही हे अध्यक्ष ठरवतात. यासाठी बाहेरच्या माणसाला पैसे देण्याचे काहीही कारण नाही.

२६ मार्चला अधिवेशन संपले. आमच्या हाती त्यातून काही लागले नाही आणि लागणारही नव्हते. मामांचा आग्रह पावसाळी अधिवेशनासाठी तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या, प्रश्नाचा होता. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, म्हणून एप्रिलमध्येच मसुदा करायला बसलो. विधिमंडळातील प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे : (१) अमुक वसाहतीत अवजड वाहनांना वळण्यास पुरेसा चौक नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? वाचायला हे अगदी कोरडे वाटते, पण पहिल्या उपप्रश्नात जेवढे विधान आपण घालतो तेवढ्यापुरतेच विभागाला ‘खरे आहे’ किंवा ‘खरे नाही’ म्हणावे लागते. म्हणून त्यात मत घालायचे नाही. मोजता येईल अशीच गोष्ट घालायची. आम्ही चौकाची रुंदी टेप लावून मोजली आणि तो आकडा लिहिला.

१८ मे रोजी आमच्याच वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्यानंतर काही आठवडे कंटेनर हा शब्द काढण्याची कोणाची इच्छा नव्हती. पुढे जेव्हा बसलो तेव्हा अण्णा म्हणून आम्ही ज्यांना मान देतो त्या ज्येष्ठ कारखानदारांनी एवढेच सुचवले की, रुंद रस्त्याचे कारण लिहिताना अग्निशामक गाड्यांचाही उल्लेख असावा. तो घातला. ट्रेलरसाठी मागितलेला चौक अग्निशामक गाडीलाही लागतोच, आणि त्या उल्लेखाने आमचे निवेदन केवळ निर्यातदारांचे राहिले नाही.

पावसाळी अधिवेशन ३० जून ते १८ जुलै असे झाले. तारांकित प्रश्नांचा क्रम सोडतीने लागतो आणि दिवसाला तोंडी उत्तरे मोजक्याच प्रश्नांना मिळतात. बाकीच्यांची उत्तरे लेखी पटलावर ठेवली जातात. आमचा प्रश्न यादीत खूप खाली होता, त्यामुळे चर्चा झाली नाही आणि लेखी उत्तर आले : (१) हे अंशतः खरे आहे, (२) व (३) स्थळपाहणी करून अहवाल सादर करण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत, (४) प्रश्न उद्भवत नाही. बैठकीत हे वाचून दाखवले तेव्हा लोक हिरमुसले. मामा मात्र खूश होते. “अंशतः खरे म्हणाले ना? मग आता पाहणी होणार. कागदावर आलं की कुणीतरी अधिकारी त्याला बांधलेला असतो.” आणि खरोखरच ऑगस्टमध्ये पाहणी झाली. पाहणीच्या दिवशी आम्ही मुद्दाम एक भरलेला ट्रेलर त्या चौकातून न्यायची वेळ साधली. चालकाने तीनदा मागे-पुढे केले, मागे दुचाकींची रांग लागली, आणि पाहणी अधिकाऱ्यांनी काही न विचारता ते लिहून घेतले.

याच ऑगस्टमध्ये दोन गोष्टी घडल्या. संसदेने १९०८ च्या भारतीय बंदरे अधिनियमाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, ज्यात राज्यांच्या सागरी मंडळांना स्थान आहे. मामांनी फोन करून ही बातमी घरातल्या कार्याच्या उत्साहाने सांगितली. दुसरी गोष्ट आमच्या पोटावर आली : २७ ऑगस्टपासून अमेरिकेने भारतीय मालावरील वाढीव आयातशुल्क पन्नास टक्क्यांवर नेले. अमेरिकेच्या ऑर्डर असलेल्या सभासदांचे माग थांबले आणि वर्गणी मागणेही अवघड झाले. सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला, मोहोळजवळ लांबोटीच्या पुलापाशी पुण्याचा महामार्ग बंद पडला आणि जिल्ह्यातील सगळी यंत्रणा पूरग्रस्तांच्या कामात गेली. या काळात आम्ही कोणाकडेही पाठपुरावा केला नाही. तो करणे शोभलेही नसते.

नोव्हेंबरमध्ये पाहणीचा अहवाल विभागात पोहोचल्याचे कळले आणि आमदारांनी मंत्र्यांकडे बैठक मागितली. ती नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, म्हणजे ८ ते १४ डिसेंबर २०२५ या आठवड्यात मिळाली. सोलापूरहून आम्ही रात्रीच्या खासगी बसने गेलो. अधिवेशनाच्या काळात खोल्यांचे दर चढलेले असतात, म्हणून एका सभासदाच्या नातेवाइकांकडे उतरलो. वेळ दुपारची दिली होती, प्रत्यक्ष बोलावणे रात्री आले. दालनात आमच्यासारखीच शिष्टमंडळे दाटीने उभी होती. आमच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे आली, आणि त्यांतली पहिली काही मिनिटे आमच्यातल्याच एकाने पुन्हा ड्राय पोर्टचा विषय काढण्यात घालवली. आमदारांनी त्यांना हाताने थांबवले आणि तक्ता व पाहणी अहवाल पुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी चौकाच्या रुंदीकरणाचे अंदाजपत्रक तयार करण्यास हरकत नसल्याचे सांगितले. भूखंडाबाबत मात्र ‘उपलब्धता तपासून’ एवढेच शब्द मिळाले.

येथे एक बारकावा सांगतो. सभागृहात मंत्र्यांनी दिलेले आश्वासन आश्वासन समितीकडे नोंदले जाते आणि ते नव्वद दिवसांत पुरे करणे अपेक्षित असते. दालनातील बैठकीला तो नियम लागू नाही. तिचा आधार म्हणजे इतिवृत्त, बैठकीत काय ठरले याची लेखी नोंद. त्यामुळे बैठक संपल्यावर इतिवृत्त कोण लिहिणार त्या कक्ष अधिकाऱ्यांचे नाव आणि पदनाम विचारून घ्यावे. डिसेंबरच्या मध्यापासून महापालिका निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि आमचे इतिवृत्त निकालानंतर, जानेवारीच्या शेवटी मिळाले. त्यात चौकाच्या अंदाजपत्रकाचा मुद्दा जसाच्या तसा आला आहे. भूखंडाच्या मुद्द्यासमोर पुढील कार्यवाही करणाऱ्याचे पदनाम कोरे होते. ते भरून सुधारित प्रत मिळावी म्हणून लगेच पत्र दिले आणि ती प्रतही आली.

सीमाशुल्काचा कागद खासदारांमार्फत दिल्लीला गेला आहे. तेथून माहितीची मागणी आली, तीही कंटेनरच्या संख्येचीच, तेव्हा लेखापालांचा तक्ता नव्या वर्षाच्या आकड्यांनी पुन्हा करून पाठवला. राज्याच्या सभागृहाला केंद्राच्या विषयात शिफारस करता येते, जशी ऑगस्ट २०२२ मध्ये नवी मुंबई विमानतळाच्या नावासाठी केली होती. तसा ठराव आमच्यासाठीही मांडावा असे काहींचे म्हणणे आहे, पण त्याआधी संख्या पुरेशी भरते की नाही हे पाहावे, असे मला वाटते. ती भरत नसेल तर आगार चालणार नाही आणि मग ठराव करूनही उपयोग नाही. जहाज कंपन्यांपैकी एकीने, भूखंड मिळाला तर रिकामे कंटेनर ठेवण्याचा विचार करू, असे तोंडी सांगितले आहे. लेखी काही नाही.

वर्षभराचा एकूण खर्च, प्रवास, मुक्काम, झेरॉक्स आणि लेखापालांची नाममात्र फी धरून, पन्नास हजारांच्या आत बसला. प्रत्येकी दोन हजार रुपये वर्गणी काढली होती, त्यातून थोडे शिल्लकही आहेत. प्रश्नाचा मसुदा, कंटेनरच्या तक्त्याचा नमुना आणि आवक शिक्क्याच्या पत्रांचा क्रम आम्ही एका फाईलमध्ये लावून ठेवला आहे. बार्शी, पंढरपूर किंवा शेजारच्या धाराशिव-लातूरकडील ज्या संघटनांना ही फाईल हवी असेल त्यांनी ती अवश्य मागावी. तक्त्यात सभासदांची नावे मुळातच नाहीत, त्यामुळे तो देण्यात काही अडचण नाही.